हशाच्या वह्या

ज्या माणसाने आयुष्यभर क्षुल्लक गोष्टींवरून आकांडतांडव केलं, तो माणूस ज्या दिवशी खरोखर ओरडायला हवं होतं त्या दिवशी गप्प बसला. ओरडायचं माझ्यावर होतं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "छान स्वच्छ केल्यात." त्या तीन शब्दांचा राग मला ते गेल्यावरही येतो. लिहून काढ, कमी होईल, असं एक मैत्रीण म्हणाली म्हणून लिहायला बसले आहे. कमी होईल असं मला वाटत नाही.

माझं डोंबिवली पूर्वेला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, जे येईल ते. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी शटर अर्धंच वर असताना एक उंच, किडकिडीत माणूस वाकून आत आला आणि म्हणाला, "कंपोझिटर कोण?"

"आता कंपोझिटर नसतात काका, ऑपरेटर असतात."

"ऑपरेटर क्रेनवर असतो. अक्षर जुळवतो तो कंपोझिटर."

त्या दिवसापासून मी कंपोझिटर. मला शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं, पण नावाने हाक कधी मारली नाही. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

ते लेखक होते. नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइमकीपरची केली, आणि कामगारांच्या हजेरीच्या पाठकोऱ्या कागदांवर एकांकिका, बालनाट्यं, रेडिओच्या श्रुतिका आणि दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहिल्या. कागदाच्या एका बाजूला कोण किती वाजता कामावर आला, दुसऱ्या बाजूला कोणी कोणाचा गळा दाबला. निवृत्त झाल्यावरही ते कागद संपले नाहीत. कारखाना बंद पडला तेव्हा सगळे मस्टर यांनीच उचलून घरी आणले असावेत. पहाटे पाच ते आठ लेखन, आणि साडेआठला मला फोन.

"कंपोझिटर, पान चार, ओळ अकरा. तुम्ही स्वल्पविराम घातलात. माझा खुनी तिथे थांबत नाही."

बरं, फोन ठेवताना 'बराय' वगैरे काही नाही. मुद्दा संपला की फोन बंद. मी दात ओठ खात तो स्वल्पविराम काढायचे.

दुपार जुन्या मनोरंजनाची. जुन्या संगीत नाटकांच्या कॅसेट, जुने काळे-पांढरे विनोदी चित्रपट. कॅसेट प्लेयरचं झाकण तुटलेलं होतं, त्यावर अडकित्ता ठेवून ते दाबलेलं असायचं. पण नुसतं बटण दाबून नाटक सुरू केलं असं कधी झालं नाही. आधी देवघरातली घंटा आणायची. पहिली घंटा, मग थांबायचं. दुसरी, मग थांबायचं. तिसरी झाली की दाराला कडी. त्यानंतर आलेल्या माणसाला मध्यंतरापर्यंत दार उघडायचं नाही. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस दोनदा परत गेला होता.

"देव उठून बसतात हो दुपारचे!" काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

"बसू देत. जागा आहे."

मध्यंतरात ते गॅलरीत उभे राहून बटाटेवडा खायचे. उभ्यानेच. मध्यंतरात बसून खातो तो प्रेक्षक नव्हे, पाहुणा, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा काकूंना विचारलं, तुम्ही यांच्याबरोबर नाट्यगृहात का जात नाही? त्या म्हणाल्या, "अगं, मला घरी रोज प्रयोग असतो. आणि मध्यंतराचे वडेही मीच तळायचे."

मग नाट्यगृहात सोबत म्हणून कधीकधी मी जायचे. का जायचे, हे आजही सांगता येणार नाही. मनस्तापच असायचा. एका रविवारी ठाण्याला दुपारी चारचा प्रयोग होता आणि रेल्वेचा मेगाब्लॉक होता, म्हणून आम्ही रिक्षाने निघालो. शीळफाट्याला ट्रेलरच्या रांगेत अडकलो ते अडकलोच. चार वाजून दोन मिनिटांनी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "तिसरी झाली. वळवा."

"अहो काका, दहा मिनिटं बुडतील फार तर. एवढं आलोय तर..."

"पहिली दहा मिनिटं न बघता जो हसतो तो खोटं हसतो. वळवा हो."

रिक्षा वळली. मी दिवाळी अंकाचं काम टाकून आले होते. आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

नाट्यगृहात त्यांची खुर्ची ठरलेली, तळमजल्यावर शेवटच्या रांगेत, कडेची. मांडीवर एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर बोटभर अंतराने आडवे दोरे ताणून बांधलेले, आणि दोऱ्यांच्या खाली वहीचं पान सरकवलेलं. अंधारात दिसत नाही म्हणून बोट दोऱ्यावर ठेवायचं आणि त्याच्या आधाराने पेन्सिल चालवायची. मान खाली घालायची नाही, डोळे रंगमंचावरच. नोकरीला लागल्यापासून पाहिलेल्या प्रत्येक प्रयोगाची अशी नोंद त्यांनी केली होती. एकतीस वह्या. वह्यांना कोणी हात लावायचा नाही. मी शेजारी बसून वाकून बघायला गेले तर कोपराने ढकलायचे.

वह्यांत काय आहे ते ते तोंडाने सांगायचे. नाटकाबद्दल नाही, प्रेक्षकांबद्दल. "अर्धं नाटक खुर्च्यांवर बसलेली माणसं लिहितात, आणि त्यांचं लिखाण दर प्रयोगाला हवेत जातं. मी तेवढं धरून ठेवतो." ठाणेकर आधी हसतो आणि मग त्याला विनोद कळतो. डोंबिवलीकराला आधी कळतो, मग तो शेजाऱ्याकडे बघतो, आणि शेजारी हसला तर हसतो. कल्याणकर हसत नाही, थेट टाळी देतो. मी म्हणायचे, काहीतरीच काय! पण नंतर नाट्यगृहात बसले की कान त्याच कामाला लागायचे, आणि माणूस बरोबर बोलत असायचा. त्याचाही राग यायचा.

आता तो मोबाइलचा प्रसंग सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. ठाण्यात एका जुन्या संगीत नाटकाचा दुपारचा प्रयोग होता. नायिकेचं काम करणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, पण गळा खणखणीत. नवरा कायमचा गेला हे कळून ती आत येते, असा प्रवेश. अख्खं नाट्यगृह चिडीचूप. आणि पुढच्या रांगेत कोणाचा तरी मोबाइल गाणं म्हणत वाजला. वाजला तर वाजला, त्या गृहस्थाने तो घेतला. "हां, नाटकात आहे रे, बोल ना."

माझ्या शेजारची खुर्ची धाडकन मिटली. हे उभे.

"थांबा!"

रंगमंचावर सगळे थांबले. डोअरकीपर पळत आला. मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढी सरकले.

"बाईंनी उभं केलेलं सगळं त्या माणसाने पाडलंय," हे शेवटच्या रांगेतून कडाडले. "असं पुढे जाता येणार नाही. पहिल्यापासून घ्या. त्या आत येतात तिथपासून!"

कोणीतरी म्हणालं, "ओ काका, बसा खाली." मोबाइलवाल्याने मागे वळून पाहिलं. आणि त्या बाईंनी काय करावं? त्यांनी क्षणभर अंधारात आमच्या दिशेने पाहिलं, वळल्या, विंगेत गेल्या आणि पुन्हा आत आल्या. सगळं पुन्हा केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. यांनी टाळी वाजवली नाही, हे लिहीत होते.

प्रयोगानंतर बाईंनी त्यांना मुद्दाम आत बोलावून घेतलं. मला वाटलं, आता तरी दोन गोड शब्द बोलतील. बाईंसमोर उभे राहून म्हणाले, "दुसऱ्यांदा जास्त रडलात. पहिल्यांदा बरोबर होतं."

असा माणूस.

त्यांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर आमच्या भागातल्या एका सांस्कृतिक मंडळाला जाग आली. वह्यांचं पुस्तक काढायचं ठरलं. अध्यक्ष म्हणजे प्रत्येक वाक्याआधी 'रसिकहो' म्हणणारे गृहस्थ. हे कोणाला वह्या देतील असं मला वाटलं नव्हतं, पण डोळे अधू व्हायला लागले होते आणि हे पुस्तक व्हावं ही त्यांची एकच इच्छा उरली होती. ते मला म्हणालेही होते, "कंपोझिटर, माझे खून लोक विसरतील. विसरू देत. हे राहिलं पाहिजे." वह्या आधी मंडळाकडे गेल्या. तिथे दोन महिने पडून राहिल्या आणि मग टाइप करायला माझ्याकडे आल्या.

प्रत्येक वहीत मजकूर शाईने होता. नाटक, नाट्यगृह, कोणी काम केलं, काय घडलं. समासात मात्र सगळीकडे पेन्सिलीने टिंबं, लहानमोठे गोल, फुल्या, उभ्या रेघा. अध्यक्षांनीही वाचताना पेन्सिलीने बरोबरच्या चार खुणा केल्या होत्या, त्या पहिल्याच वहीत दिसत होत्या. मी समजले की समासातलं सगळं मंडळाच्या वाचकांचं. ते अंधारात पेन्सिलीने लिहायचे हे मला माहीत होतं, पण मजकूर शाईत बघून वाटलं, त्यांनी आपलं सगळं घरी शाईत उतरवलंय.

मी हे काम ठाण्यात, कोपरीच्या एका छापखान्यात शिकले. तिथल्या म्हाताऱ्या मुद्रितशोधकाने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की शाई लेखकाची, पेन्सिल आपली. शाईला हात लावायचा नाही आणि पेन्सिल ठेवायची नाही. पंचवीस वर्षं मी ते पाळलं. शिवाय हस्तलिखिताची काही पानं पुस्तकात जशीच्या तशी छापायची होती, आणि स्कॅन केलं की पेन्सिल डागासारखी काळी उमटते. मग मी बसले. चांगलं मऊ खोडरबर आणलं. एकेक पान, कागद फाटणार नाही असं हलक्या हाताने. दाढीच्या ब्रशने चुरा झाडायचा. एक वही टाइप झाली की ती स्वच्छ करायची. टाइप करण्यापेक्षा जास्त वेळ त्यात गेला. त्यांच्यासाठी करत होते म्हणून केलं, दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं.

विचारलं का नाही? एक फोन केला असता तर पुरे होतं. पण मला वाटलं, यात विचारायचं काय! पंचवीस वर्षांच्या धंद्याचा माज, दुसरं काही नाही.

एकोणीस वह्या झाल्यावर त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घालून मी कौतुकाने त्यांच्या घरी घेऊन गेले. काकूंनी चहा आणून ठेवला. त्यांनी वरची वही उघडली. पान उलटलं. आणखी एक. मग समासावरून बोट खाली नेलं, दोऱ्यावरून न्यायचे तसंच. दुसरी वही उघडली. वही डोळ्यांजवळ धरून खिडकीकडे तिरकी केली.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस झाल्या. बारा राहिल्यात. पुढच्या आठवड्यात देते."

तेव्हा त्यांनी वही मिटली, चहाची बशी उचलली, तशीच खाली ठेवली आणि ते तीन शब्द उच्चारले. मग म्हणाले, "त्या बारा तशाच आणा."

माझं काहीतरी चुकलंय एवढं तेव्हा मला कळलं. "काका, काय झालं?"

शाळेतल्या मुलीला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. टिंब म्हणजे हसू, ओठातल्या ओठात. गोल म्हणजे हशा, जेवढा मोठा गोल तेवढा मोठा हशा. उभी रेघ म्हणजे शांतता. फुली म्हणजे खोकला, कारण नाटक पडायला लागलं की माणसं आधी खोकतात. शब्द अंधारात वेडेवाकडे यायचे म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी शाईने गिरवायचे. खुणा गिरवायच्या नाहीत. "दुसऱ्या दिवशी गिरवली तर ती माझी आठवण झाली. पेन्सिल त्या क्षणाची. पुराव्याला हात लावायचा नसतो." डोंबिवलीचा माणूस अमुक साली कशाला हसत होता, पंधरा वर्षांनी त्याच वाक्याला हसायचा का थांबला, हे सगळं त्या समासात होतं. पुस्तक म्हणजे तेच होतं. शाईतला मजकूर नुसता पत्ता होता.

काकू रिकामा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. मी वाट बघत होते, की आता पुठ्ठा भिरकावतील, आता म्हणतील चालत्या व्हा. ते म्हणाले, "चहा घ्या, निवतोय."

त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आपटली. दोन दिवसांनी पुन्हा त्यांच्याकडे गेले, भांडायलाच.

"तुम्ही मला बोलत का नाही? एका स्वल्पविरामासाठी सकाळी साडेआठला माझं डोकं खाता. परक्या माणसाला भर नाट्यगृहात झापता. आणि मी तुमची चाळीस वर्षं पुसली तर चहा घ्या?"

"नट वाक्य विसरला तर मी कधी ओरडलोय का?" ते शांतपणे म्हणाले. "मोबाइलवाल्यावर ओरडतो. तो बेपर्वा असतो. तुम्ही मेहनतीने चुकलात. मेहनतीवर ओरडायचं कसं?"

मला ओक्साबोक्शी रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. शिक्षाच द्यायची नाही म्हटल्यावर माणसाने जायचं कुठे?

त्या एकोणीस वह्या मी पुन्हा आणल्या. टेबलावरचा दिवा आडवा करून, भिंग घेऊन, कागदावर दाब उरलाय का ते शोधत बसले. पाच महिने. आणि काय सापडलं सांगू? फुल्या. कोणी खोकलं की त्यांना संताप यायचा आणि ते फुली दाबून मारायचे, ती कागदात रुतलेली होती. टिंबं आणि गोल त्यांनी स्वतः हसत हसत काढलेले, हलक्या हाताने. त्यातलं एकही सापडलं नाही. लोकांचा खोकला तेवढा शिल्लक राहिला आणि हसणं मी झाडून टाकलं होतं.

मंडळाला त्या खुणांचा पत्ताही नव्हता. अध्यक्ष त्यांना म्हणाले, "मजकूर आहे ना टाइप झालेला? त्यात नटनट्यांचे चार किस्से घाला, रसिकांना आवडेल." वह्या वाचल्या असत्या तर त्या माणसाने एकदा तरी विचारलं असतं की ही टिंबं कसली. दोन महिन्यांत चार खुणा करून त्याने वही मिटली होती.

यांनी पुस्तक मागे घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, "देत नाही. माझी मर्जी." एवढंच. माझं नाव काढलं नाही. मंडळाने गावभर केलं की म्हातारा लहरी, आयत्या वेळी फिरला, एवढी तयारी पाण्यात घातली. लोक माझ्या दुकानात येऊन मला सांगायचे, "तुमचे ते काका, फारच विक्षिप्त हो!" आणि मी, या बाईने, तोंड उघडलं नाही. पत्रिकेचा नमुना पुढे करायचे आणि विचारायचे, किती प्रती?

दोन वर्षं मी हेच केलं. मग ते गेले. झोपेत, काही त्रास न होता. काकूंनी मला फोन केला तेव्हा नेमके साडेआठ वाजले होते.

मंडळाने आपल्या सभागृहात संध्याकाळी शोकसभा ठेवली. निमंत्रणपत्रिका माझ्याच दुकानात झाली. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मी शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. अध्यक्ष उठले. "रसिकहो, ते विक्षिप्त होते, पण मनाने निर्मळ. त्यांच्या वह्यांचं पुस्तक काढायला आम्ही काय नाही केलं! पण त्यांच्या लहरी स्वभावामुळे ते राहून गेलं, याची खंत वाटते." पुढे बसलेल्यांनी माना डोलावल्या.

मग दोन मिनिटं शांतता. सगळे उभे राहिले. अर्धं मिनिट झालं असेल, आणि तिसऱ्या रांगेत कोणाचा तरी मोबाइल गाणं म्हणत वाजला. त्या माणसाने तो तोंडापाशी धरून हळूच म्हटलं, "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." अध्यक्षांनी डोळे मिटलेलेच ठेवले. सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"थांबा!" मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. "हे चालणार नाही. पहिल्यापासून घ्या."

अध्यक्षांनी डोळे उघडले. "मॅडम, अहो, श्रद्धांजली चाललीय."

"म्हणूनच सांगते. दोन्ही मिनिटं पहिल्यापासून. आणि त्याआधी ऐकून घ्या. पुस्तक राहून गेलं ते त्यांच्या लहरीमुळे नाही. त्यांच्या एकोणीस वह्या मी खोडरबराने पुसल्या. समासात लोकांचं हसणं लिहिलेलं होतं, ते मी पुसलं, आणि मला वाचवायला म्हणून ते लहरी झाले. तुमच्याकडे त्या दोन महिने होत्या. तुम्ही समासाकडे बघितलंही नाहीत."

काही जण खुर्च्यांवर टेकले. एक गृहस्थ माझ्याकडे बघून, "बसा ताई," म्हणाले. मी बसले नाही. काकूही तोवर बसल्या होत्या, गुडघे दुखतात त्यांचे. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि सगळ्यांच्या आधी पुन्हा उभ्या राहिल्या. मग बाकीचेही सावरून उभे राहिले. अध्यक्षांना घड्याळ पुन्हा लावावं लागलं.

या वेळी पुरी दोन मिनिटं झाली. मी पर्समधून पेन्सिल काढली, निमंत्रणपत्रिका उलटी धरली आणि मान खाली न घालता एक उभी रेघ ओढली. शेवटी शेवटी अध्यक्ष खोकले. त्यांची फुली मारली, चांगली दाबून. ती गिरवलेली नाही आणि खोडणारही नाही.